पडद्यावरचा निळा कागदावर जांभळा का झाला?

रेघोट्या
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आलेय.

एका कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ केलं. पानभर रात्रीचं आकाश, गडद निळं, आणि खाली कोपऱ्यात एकच उजेड असलेली खिडकी. तो निळा जमवायला तीन दिवस घालवले होते. काल छापून आलेले गठ्ठे सोडले तर आकाश जांभळं! किंचित नाही, जुन्या कार्बन पेपरसारखं. कवी काही बोलले नाहीत. प्रत उचलली, उजेडात नेली, परत आणून टेबलावर ठेवली. पालथी. तेव्हापासून मला झोप नाही.

छापखान्यात फोन केला तर म्हणाले, "मॅडम, फाइलमध्ये होतं तेच छापलंय." माझ्या पडद्यावर अजूनही निळंच दिसतंय. चित्र फोटोशॉपमध्ये आरजीबीत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) केलं, शेवटी मोड बदलून सीएमवायके (छपाईच्या चार शाया: आकाशी सियान, गुलाबी मजेंटा, पिवळी, काळी) केला, पीडीएफ काढली. नेहमी असंच करते. चूक नक्की कोणाची?

अर्धविराम
यात विचारायचं काय? मशीनवर मजेंटा जास्त सोडला असणार. हे लोक नेहमी फाइलवर ढकलून मोकळे होतात. बिल अडवून ठेवा, मग बघा निळा कसा सापडतो ते.

खिळेजुळारी
माझी निम्मीअधिक हयात मशीनशेजारी गेली, त्यामुळे मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. रेघोट्याताई, बिल अडवायच्या आधी एवढं करा. छापायला दिलेली फाइल उघडा, आकाशाच्या मधोमध आयड्रॉपर ठेवा आणि इन्फोच्या खिडकीत सी आणि एमचे आकडे वाचून इथे लिहा.

रेघोट्या
काका, सी ९६, एम ८४, वाय ३, के ०.

खिळेजुळारी
वाटलंच होतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की सियान शाई फक्त लाल उजेड खाते, मजेंटा फक्त हिरवा खाते, म्हणून दोन्ही एकावर एक छापल्या की उरतो निळा. प्रत्यक्षातल्या शाया इतक्या सोवळ्या नसतात. मजेंटा थोडा निळा उजेडही खाते, सियान थोडा हिरवाही खाते. म्हणून सी आणि एम जवळजवळ सारखे झाले की निळा हातातून सुटतो आणि जांभळा हाती येतो. आमच्या वेळी पोऱ्यालासुद्धा ठाऊक असलेला नियम होता: निळा हवा असेल तर मजेंटा सियानच्या किमान तीस टक्के खाली ठेवा. तुमच्यात फरक आहे बाराचा. त्यात मशीनवर मजेंटाचे ठिपके जरा फुगले, आणि ठिपके थोडे फुगतातच, त्याला डॉट गेन म्हणतात, की त्या बारातलेही तीन-चार गेले.

अर्धविराम, मशीनवाल्याने मजेंटा थोडा जास्त सोडलाही असेल. पण काठावर नेऊन उभं तर फाइलनेच केलं होतं.

अर्धविराम
काका, पण पडद्यावर निळा दिसतोय म्हणतात ना त्या. मग फोटोशॉप काय झोपलं होतं?

शून्य_ते_२५५
झोपलं नव्हतं. त्याला ज्या मशीनबद्दल विचारलं त्या मशीनबद्दल त्याने उत्तर दिलं. रेघोट्या, एडिट मेनूतल्या कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग सीएमवायकेसमोर काय लिहिलंय?

रेघोट्या
यू.एस. वेब कोटेड (स्वॉप) व्ही२. याला मी कधी हात लावलेला नाही. वेब म्हणजे इंटरनेटसाठीचं असेल असं समजत होते.

शून्य_ते_२५५
ही गैरसमजूत इतक्यांची आहे की एकदा तपशिलात लिहितो.

तिथला 'वेब' इंटरनेटचा नव्हे. सलग रिळावरून कागद धावतो त्या वेब ऑफसेट मशीनचा आहे. ते प्रोफाइल अमेरिकेतल्या मासिकांच्या छपाईचं वर्णन करतं. फोटोशॉप बसवताना ते आपोआप येतं आणि जगभरातले लोक त्याच्यावर पुस्तकं, पोस्टरं, डबे सगळं छापतात. तुमचं मुखपृष्ठ बहुधा सुट्या कागदाच्या मशीनवर आर्ट पेपरवर छापलं. मशीन वेगळं, कागद वेगळा, शाईची बसवणी वेगळी. ९६-८४ हे उत्तर एका मशीनसाठी काढलं आणि दुसऱ्या मशीनला दिलं.

मुळात गोंधळ असा की आपण आकड्यालाच रंग समजतो. "पाच हात दोरी आण" म्हटलं तर पहिला प्रश्न, कोणाचा हात? आर ०, जी २५५, बी ० हा असाच हात आहे. एसआरजीबी या कलर स्पेसमध्ये, म्हणजे आरजीबीच्या एका ठरलेल्या रंगकक्षेत, तो एक हिरवा आणि अडोबी आरजीबी या दुसऱ्या कलर स्पेसमध्ये त्याहून बराच कडक हिरवा. गंमत म्हणजे या दोघांचे मूळ लाल, मूळ निळा आणि पांढरा बिंदू तंतोतंत सारखे आहेत, फरक आहे तो एकट्या हिरव्याच्या जागेत. तरी तेवढ्याने फोटोतली पानंच काय, चेहरेसुद्धा बदलतात.

हा हात कोणाचा ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे आयसीसी प्रोफाइल. सामाईक मोजपट्टी त्याआधीपासून होती. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ साली माणसाच्या डोळ्याला रंग कसा जुळतो याच्या प्रयोगांवरून ती बसवली, आणि १९७६ साली तिचं लॅब हे रूप आलं. लॅबमध्ये आकडा म्हणजे थेट दिसणारा रंग, कोणत्याही यंत्राचा नव्हे. पण संगणकांत सगळ्यांची एकवाक्यता नव्हती. १९९३ मध्ये अडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था काढली, तेव्हापासून प्रत्येक यंत्राने आपले आकडे या सामाईक मोजपट्टीत कसे बसतात ते प्रोफाइलमध्ये लिहून द्यायचं ठरलं. मधला दुभाषा, म्हणजे रंग बदलून देणारं सॉफ्टवेअर, दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या वाचतो. चिठ्ठीच नसेल तर अंदाज करतो.

म्हणून असाइन आणि कन्व्हर्ट यांत गल्लत करू नका. असाइन केलं की आकडे तेच राहतात, चिठ्ठी बदलते, रंग हलतो. कन्व्हर्ट केलं की रंग शक्य तितका तोच राहतो, आकडे बदलतात. असाइन फक्त हरवलेली चिठ्ठी परत जोडायला वापरायचं.

आता एक प्रयोग करा. छापलेलीच सीएमवायके फाइल उघडा. व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअपमध्ये कस्टम घ्या, छापखान्याचं प्रोफाइल निवडा आणि 'प्रिझर्व्ह नंबर्स'वर टिक करा. म्हणजे "हे आकडे न बदलता त्या मशीनवर टाकले तर काय दिसेल?" असा प्रश्न विचारल्यासारखं होतं. छापखान्याने प्रोफाइल दिलं नाही तर आर्ट पेपरसाठी फोग्रा ३९ या छपाईच्या मोजमापांवर आधारलेलं आयएसओ कोटेड व्ही२ घ्या.

नवखा_चौकट
वाचनखूण साठवली. पण एक बावळट प्रश्न. मी फक्त फोटो काढतो, छापत नाही, नेटवर टाकतो. मी कॅमेऱ्यात काय ठेवू? एसआरजीबी की अडोबी आरजीबी? मोठं तेच चांगलं ना?

अर्धविराम
अर्थात अडोबी आरजीबी. रंग जास्त मावतात. साधा हिशेब आहे.

तिरीप
साधा हिशेब नाही हो. ८ बिटमध्ये दर रंगाला २५६ च पायऱ्या, तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ आकडे. जिना लांब केला म्हणून पायऱ्या वाढत नाहीत, त्या उंच होतात. मावळतीच्या आकाशावर मोठी कलर स्पेस ८ बिटमध्ये ताणून बघा, आभाळाला पट्टे पडतात. प्रोफोटो ही कलर स्पेस तर इतकी मोठी आहे की तिचे मूळ हिरवा आणि निळा माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांत बसतच नाहीत. तिथे १६ बिटशिवाय जाऊच नये.

शिवाय आधीच एसआरजीबीत निघालेला जेपेग अडोबी आरजीबीत कन्व्हर्ट करून नवे रंग येत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नवखा, तू रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असशील तर ती सेटिंग फक्त जेपेगसाठी आहे, रॉवर तिचा काही परिणाम नाही. फक्त कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आतल्या छोट्या जेपेगवरून काढलेला असतो. त्यामुळे लालभडक फूल टिपताना तो लाल चॅनेल फुटल्याची ओरड करतो, आणि रॉमध्ये मात्र पाकळीच्या शिरा शाबूत असतात. आणखी एक: फाइलच्या नावाची सुरुवात खालच्या आडव्या रेघेने झालेली दिसली तर तो जेपेग अडोबी आरजीबीतला. कॅमेरेवाल्यांनी तसा संकेत ठरवलाय. नेटवर टाकताना एसआरजीबीत कन्व्हर्ट कर आणि प्रोफाइल आत जोडलेलं ठेव. बस.

शून्य_ते_२५५
अवांतर: अडोबी आरजीबीच्या जन्माची गोष्ट मजेशीर आहे. १९९८ साली फोटोशॉप ५ मध्ये ती दिली, तेव्हा मूल्यं टीव्हीच्या एका मानकाच्या कागदपत्रांतून उचलली होती. नंतर कळलं की ती त्या मानकाची खरी मूल्यं नव्हतीच. पण तोवर लोकांना ती कलर स्पेस आवडली होती. मग नाव बदललं आणि चूक तशीच ठेवली. एसआरजीबीचा जन्म त्यामानाने नीटनेटका. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या काळच्या जाडजूड काचेच्या साध्या मॉनिटरवर बेतून ती बनवली, १९९९ मध्ये मानक झाली.

अर्धविराम
सगळं मान्य. पण शेवटी प्रत्येक जण आपापल्या मोबाईलवर बघणार, कोणाचा पिवळा, कोणाचा निळा. मग आपण इतकं घासून उपयोग काय?

तिरीप
तुमचा पडदा मधोमध असला तर लोकांचे पडदे दोन्ही बाजूंना थोडे थोडे चुकतील. तुमचाच निळ्याकडे गेलेला असेल तर तुम्ही सगळं पिवळं करून ठेवाल, आणि मग ज्यांचा आधीच पिवळा त्यांची दैना.

हे अनुभवाने बोलतोय. पूर्वी माझ्या कामाच्या खोलीची भिंत पोपटी होती. मॉनिटर त्या भिंतीसमोर. चेहरे मला सारखे गुलाबी वाटायचे, मी गुलाबी काढत जायचो. छापून आले तेव्हा एकूणएक माणूस कावीळ होऊन उठल्यासारखा. यंत्र वगैरे ठीक होतं, फसला होता डोळा. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात मिशेल शेव्रल रंगाईचा प्रमुख असताना तक्रार यायची की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं तर धागा उत्तम होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने ते सगळं मांडलं. मी ते वाचून भिंत करडी रंगवली. घरचे अजून त्या खोलीला तुरुंग म्हणतात.

रेघोट्या, आता तुमच्या पडद्याचं. ब्राइटनेस किती आहे? कधी कॅलिब्रेट केलाय का?

रेघोट्या
ब्राइटनेस शंभर. कॅलिब्रेट नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण रात्री काम करताना डोळ्यांसाठीचा पिवळा मोड चालू असतो. आकाश तर रात्रीच केलंय.

तिरीप
अहो! पिवळ्या पडद्यावर निळा जमवलात. म्हणजे पडदा निळा खात होता आणि तुम्ही तो भरत होतात.

आधी तो मोड बंद, आपोआप ब्राइटनेस बदलणारी सोय बंद. मग कलरीमीटर मिळवा. विकत घेतला पाहिजे असं नाही, ओळखीत कोणाकडे असतोच. तो पडद्यावर टांगायचा, तो एकेक रंगाचा चौकोन मोजतो. यात दोन कामं होतात आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. कॅलिब्रेशन म्हणजे पडदा ठरलेल्या अवस्थेला आणणं: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडाचा ठरलेला पांढरा), गामा २.२ (मधल्या छटा किती उजळ ते), उजेड दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला. प्रोफाइलिंग म्हणजे त्या अवस्थेत तो कसा वागतो त्याची चिठ्ठी लिहिणं. पहिल्याशिवाय दुसरं टिकत नाही. छापील कामासाठी उजेड खालच्या बाजूला ठेवा. "प्रिंट काळपट आली" या तक्रारींपैकी बहुतेकांत प्रिंट बरी असते, पडदा भगभगीत असतो.

नवखा_चौकट
माझ्याकडे कलरीमीटर नाही, ओळखीतही नाही. मी काय करू?

खिळेजुळारी
आकड्यांवर विसंबायला शीक, बाळा. आमच्यातले कितीतरी जुने स्कॅनरवाले काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत फोटो दुरुस्त करायचे. त्वचेत मजेंटा आणि पिवळा जवळपास सारखे, सियान त्यांच्या निम्म्याहून कमी. करड्यात सियान मजेंटा-पिवळ्याहून थोडा जास्त, नाहीतर करडा तपकिरी होतो. आरजीबीत तर आणखी सोपं, तिन्ही आकडे सारखे की करडा. फोटोत एक करडं कार्ड धरलंस की पडदा कसाही असो, व्हाइट बॅलन्स आकड्याने जुळतो.

रेघोट्या
दोन दिवसांनी आलेय. बऱ्याच गोष्टी झाल्या.

पहिलं म्हणजे शून्य यांनी सांगितलेला प्रयोग. आयएसओ कोटेड व्ही२ निवडलं, टिक केली, आणि आकाश जांभळाकडे झुकलं. छापलंय तितकं नाही, पण झुकलं. मग मैत्रिणीकडचा कलरीमीटर आणून पडदा बसवला आणि तीच फाइल उघडली. आता जवळजवळ हातातल्या प्रतीसारखं दिसतंय. बैल गेला आणि झोपा केला. छापखान्याला फोन करून माफी मागितली, ते म्हणाले, "होतं मॅडम."

आता दुसरी आवृत्ती निघतेय (कविता लोकांना आवडल्या, मुखपृष्ठ असूनही). मूळ आरजीबी फाइल नशिबाने ठेवली होती. पण थेट कन्व्हर्ट केलं की आकाश मळकट होतंय. कन्व्हर्ट करताना परसेप्च्युअल पद्धत घ्यायची की रिलेटिव्ह? आणि पडद्यावर कागदाचा पांढरा दाखवणाऱ्या 'सिम्युलेट पेपर कलर'वर टिक केली की सगळं इतकं मरगळतं की रडू येतं.

शून्य_ते_२५५
मूळ आरजीबी ठेवलीत हे फार बरं केलंत. एका सीएमवायकेतून दुसऱ्यात नेलं की काळ्याची प्लेट नव्याने बनते आणि बारीक काळी अक्षरं चार रंगांत फुटतात.

परसेप्च्युअलमध्ये सगळे रंग थोडे थोडे आत सरकतात, त्यांचं आपसातलं नातं टिकतं. रिलेटिव्हमध्ये बसणारे जागेवर राहतात आणि न बसणारे काठावर आणून चिकटवले जातात, त्यामुळे आकाशातल्या बारीक छटा एकमेकींत मिसळतात. तुमचं आकाश म्हणजे छटाच छटा, म्हणून आधी परसेप्च्युअल बघा. पण हे चित्र पाहून ठरवायचं असतं, दोन्ही शेजारी ठेवून. लोगो असता तर मी रिलेटिव्ह म्हटलं असतं.

तिरीप
पेपर कलरची टिक करताना डोळे मिटा. खरंच. टिक करा, बाजूचे पांढरे मेनू झाकून पडदा भरून चित्र ठेवा, आणि मग उघडा. समोर आधीचं लखलखीत चित्र नसलं की डोळा अर्ध्या मिनिटात कागदाच्या पांढऱ्याला सरावतो.

खिळेजुळारी
आणि एवढं करूनही आकाश आपोआप जमणार नाही. मजेंटा हाताने खाली ओढा, ६० ते ६५ च्या आसपास. खोली हवी असेल तर काळ्याने द्या, मजेंटाने नाही. चारही शायांची बेरीज ३०० च्या आत ठेवा, नाहीतर गठ्ठ्यात खालच्या पानाची शाई वरच्या पानाच्या पाठीला लागते. पुस्तकाचं नाव काळ्यात असेल तर नुसता के १००.

प्रूफ मागवा, आणि कंत्राटी प्रूफच (मशीनवर जसं छापून येणार त्याचा रंग जुळवलेला नमुना) मागवा, ऑफिसच्या प्रिंटरवरचं नको. ज्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात तो ट्यूबखाली एक दिसतो आणि उन्हात निळसर पांढरा दिसतो. त्यावरचा तुमचा निळाही तसाच हलणार. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. म्हणून पाहायचा उजेडही ठरलेला आहे, डी५०. नीट छापखान्यात त्याची पेटी असते.

रेघोट्या
काका, सी १००, एम ६२, वाय ०, के १८ केला. परसेप्च्युअल घेतलं होतं, वर थोडं हाताने. प्रूफ आलं. निळं आहे! माझं नाही, पडद्यावरचं ते पेटलेलं निळं कागदावर कधी येणारच नव्हतं हे आता कळलंय, पण रात्रीचं आहे. खिडकीतला पिवळा तर आधीपेक्षा जास्त उजळ वाटतोय, शेव्रलकाकांची कृपा. काल स्वतः छापखान्यात गेले, मशीन सुरू असताना थांबले, पास शीटवर, म्हणजे छपाई मंजूर केलेल्या कागदावर, सही केली.

अर्धविराम
अभिनंदन. बिलाबद्दलचा माझा सल्ला मागे.

खिळेजुळारी
वा! सही करताना शीट कुठे धरून पाहिलंत?

रेघोट्या
पेटीचा दिवा गेला होता. म्हणून दारात नेऊन पाहिलं.

खिळेजुळारी
किती वाजता?

रेघोट्या
सहा वाजले असतील. ऊन उतरलं होतं.

काका?